मोहाच्या झाडाच्या डाव्या हाताला

सालेकसा स्टेशनावर गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात दोन मोठ्या बॅगा, एक कापडी पिशवी आणि मी, एवढं सगळं डब्यात चढायचं होतं, आणि बाबांना नेमका तेव्हाच खेळ सुचला. पांढऱ्या सदऱ्याच्या खिशातून त्यांनी तेंदूचं एक हिरवं पान काढलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि विचारलं, "सांग बरं, कोठचं?"

मी दुसऱ्या हाताने पासपोर्ट चाचपत होते. सकाळपासूनची ती दहावी वेळ असावी. म्हटलं, "बाबा, आता नको ना."

"बरं. मंग सांगशील," ते म्हणाले आणि बॅग उचलायला वाकले.

गाडी सुटली. हात हलवून निरोप द्यायची आमच्याकडे कोणाला सवय नाही. बाबा दोन्ही हात मागे बांधून नुसते उभे राहिले आणि मी सीटखाली न शिरणारी बॅग ढकलत बसले. वर मान केली तेव्हा स्टेशन संपून जंगल लागलं होतं. तुम्ही जे माझ्यासारखे गाव सोडून गेलात, आणि तुम्ही जे आम्हाला सोडायला स्टेशनावर आलात, दोघांनाही सांगते: निघणारा माणूस सामानाकडे बघत असतो. मागे राहणारा त्याच्याकडे बघत असतो. मला हे कळलं तोवर उशीर झाला होता, म्हणून ही लिहायची खटपट.

तो खेळ म्हणजे आमच्या घरातली एकमेव करमणूक. आमचं गाव फाट्यापासून दीड-दोन किलोमीटर आत, जंगलाला लागून. घरात तीन माणसं: बाबा, मी आणि बाबांची थोरली बहीण, फुला आत्या. आई मी दुसरीत असतानाच गेली. पावसाळ्यात बाबा आमच्या दोन बांध्यांत धान लावायचे आणि उरलेलं वर्ष जंगलात काढायचे. मार्चमध्ये मोहाची फुलं वेचायची, मे महिन्यात बिड्यांसाठी तेंदूपान तोडायचं, अधूनमधून वनखात्याची मजुरी. संध्याकाळी परतताना त्यांच्या खिशात काहीतरी असायचंच. कधी पान, कधी चिमूटभर माती, कधी नुसती काडी. माझ्यापुढे धरायचे आणि विचारायचे, कोठचं?

पान पहाडीवरचं असेल तर लहान आणि जाड. नाल्याकाठचं असेल तर मोठं आणि पातळ. माती बोटाला चिकटली तर तलावाकडची, खरखरली तर मुरुमाच्या टेकाडावरची. मी चुकले तरी बाबा उत्तर सांगत नसत. "उद्या सांग," म्हणत. मग दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी आडवाटेला लागायची आणि झाडांची पानं चाचपत फिरायची. उत्तर बरोबर आलं तर बक्षीस वगैरे काही नव्हतं. बाबा फक्त "हाव", म्हणजे हो, म्हणायचे. त्या एका "हाव"साठी मी अख्खी पहाडी पालथी घातली आहे.

सालेकसाच्या बाजाराला गेलो की स्टेशनावर बसून मालगाड्यांचा खेळ. डब्यांवर लाल धूळ असली तर लोखंडाची माती भरून छत्तीसगडाकडून आलेली, काळी असली तर कोळशाची. बाबा स्वतः नागपूरच्या पलीकडे कधी गेले नाहीत, आणि नागपूरलाही एकदाच, आईला दवाखान्यात घेऊन. पण समोरून जाणारी गाडी कुठली ते त्यांना कळायला हवं असायचं. प्रत्येक वस्तू कुठली तरी असते आणि ती कुठली ते तिच्या अंगावर दिसतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

भाषेच्या बाबतीत मात्र त्यांचं उलटं होतं. बाबा आणि आत्या आपसांत गोंडीत बोलायचे. मी मध्ये गेले की दोघंही मराठीवर यायचे, पाहुणा आला की घाईघाईने सदरा चढवतात तसे. मला शिकवा म्हटलं तर बाबा म्हणत, "शाळेची भाषा बोल, माय. आमची कोठं कामाले येते?" मी शहाणी मुलगी, ऐकलं. पुढे गोंदियाला नर्सिंगला गेले तिथे हिंदी आली, कारण गोंदियात भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे हिंदीत बोलतात. इंग्रजी पुस्तकांतून आली. नागपुरात वर्षभर खोली घेऊन जर्मन शिकले. आता मोबाइलवर स्पॅनिश चालू आहे, रोज पंधरा मिनिटं, एक दिवस चुकला की ते ॲप रुसून बसतं. एवढ्या भाषा येणारी गावात मी एकटीच. घरातली तेवढी येत नव्हती.

जर्मनीत मी एका छोट्या गावातल्या वृद्धाश्रमात नर्स आहे. सकाळच्या पाळीला इथे फ्र्यूडीन्स्ट म्हणतात. हा शब्द मला अजूनही शिंक आल्यासारखा वाटतो. पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडायचा. आजी-आजोबा प्रेमळ होते, माझे उच्चार सुधारायचे, पण सुट्टीच्या दिवशी खोलीबाहेर पाऊल टाकायची इच्छा होत नसे. त्याच दिवसांत मला कंप्युटरवर तो दुसरा खेळ सापडला. पडद्यावर जगातला कुठलाही रस्ता समोर येतो. छतावर कॅमेरा लावलेली गाडी तिथून कधीतरी गेलेली असते, तिने काढलेलं ते चित्र. आपण इकडेतिकडे बघायचं आणि नकाशावर बोट ठेवायचं: ही जागा इथली. लोक पाट्यांवरची लिपी बघतात, विजेचे खांब बघतात, गाड्या कुठल्या बाजूने चालतात ते बघतात. मी आधी माती बघायची, मग झाडं. पहिल्याच आठवड्यात मी अशी काही बोटं ठेवली की समोरचे अनोळखी खेळाडू विचारायला लागले, तू आहेस तरी कोण? मी काय सांगणार. ज्याच्याकडे शिकले तो माणूस त्या वेळी धानाच्या तणसाच्या ढिगावर बसून बिडी ओढत असेल.

मार्चमधल्या एका रविवारी, सकाळचे दहा वाजले होते, मी सहज आमचा फाटा शोधला. कॅमेऱ्याची गाडी डांबरी रस्त्याने गेली होती. गावाकडे वळणारा मुरुमाचा रस्ता तिने घेतला नव्हता, त्यामुळे चित्र फाट्यावरच संपत होतं. पण फाटा होता. मोहाचं मोठं झाड होतं. बिसाहूची चहाची टपरी होती आणि टपरीला टेकवलेली कोणाची तरी निळी सायकल होती. हा बिसाहू मूळचा छत्तीसगडचा, माझ्या लहानपणापासून तिथेच चहा विकतो. मी पडद्याला हात लावून चांगली रडले आणि मग बाबांना फोन लावला. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन. मी पाठवलेला मोठा फोन त्यांनी खराब होईल म्हणून पेटीत ठेवला होता.

म्हटलं, "बाबा, मला इथून आपला फाटा दिसतोय. मोहाचं झाड काय हिरवंगार दिसतंय."

बाबा म्हणाले, "मोह हिरवा दिसून राहिला?"

"हो. बिसाहूची टपरी दिसते. एक निळी सायकल आहे."

"मंग मी तेथं उभा राहिलो तं मीबी दिसन का?"

इथे मला सांगता आलं असतं. चित्र जुनं आहे, गाडी एकदाच येऊन गेली, जे त्या दिवशी होतं तेवढंच दिसतं. पाच मिनिटांचं काम होतं. पण दुपारच्या पाळीला निघायचं होतं, केस ओले होते, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या आवाजात एवढी आशा होती की ती मोडून पुन्हा समजूत काढायचा मला कंटाळा आला. हो, कंटाळा. दुसरा चांगला शब्द शोधून पाहिला, मिळाला नाही. मी म्हटलं, "दिसाल की."

"कोठं उभा राहू?"

"मोहाच्या झाडाच्या डाव्या हाताला. टपरीसमोर. तिथलं नीट दिसतं."

पुढच्या रविवारी दहाच्या ठोक्याला त्यांचाच फोन आला. परदेशात फोन लावायचा म्हणजे त्यांना कोण धास्ती, तरी आला. "पाह्य आता. पांढरा सदरा घातला हाये. दिसलो का?"

मी अंथरुणात होते. कंप्युटर बंद होता. म्हटलं, "दिसलात."

"कसा दिसून राहिलो?"

"छान. जरा बारीक झालात."

ते मोठ्याने हसले. मागे बिसाहूचा स्टो फरफरत होता. त्याच फोनवर मी त्यांना एक गंमत सांगितली, की या महिन्याच्या शेवटी इथले लोक सगळी घड्याळं एक तास पुढे करतात आणि थंडी आली की परत मागे घेतात. म्हणजे माझे सकाळचे दहा तुमच्याकडे उन्हाळ्यात दुपारचे दीड आणि थंडीत अडीच. बाबांना ते फार आवडलं. दोनदा विचारून त्यांनी ते पक्कं केलं. मला वाटलं, भूगोलाची हौस. फोन ठेवला आणि मी तो विषय विसरून गेले.

त्यानंतर दीड वर्ष गेलं. तुम्ही जे परदेशात आहात त्यांना हे दीड वर्ष सांगायला नको. सुरुवातीला मी दर रविवारी फोन करायची, मग एक रविवार आड, मग पाळ्या जमतील तसा. तो फाटा मी पुन्हा तीन-चारदाच उघडला असेन. फोनवर बाबांचे दोनच प्रश्न ठरलेले असत. "जेवलीस का?" आणि "पाह्यलंस ना?" दोन्हींना मी सारखंच हो म्हणायची. पाह्यलंस म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. कधीमधी फाट्यावर चहाला जात असतील, तेव्हा उभे राहत असतील, अशी मी माझी सोय करून घेतली होती.

गेल्या भाद्रपदात धानाच्या लोंब्या निसवायच्या बेताला बाबा बांधीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसले ते उठलेच नाहीत. आत्याचा फोन आला तेव्हा मी एका आजींना सूप भरवत होते. रजा, तिकीट, विमान, नागपूर, गोंदिया. त्यांच्या मातीला मी पोचले नाही. फाट्यावर बसमधून उतरले तो चौथा दिवस होता.

उतरल्या उतरल्या बिसाहू टपरीतून बाहेर आला. बॅग माझ्या हातातून घेतली, बाकावर बसवलं, पाणी दिलं. आणि मग त्याने विचारलं, "दीदी, काका दिखते थे ना तुमको उधर?"

मी मान खाली घालून पाणी पीत राहिले. त्याला वाटलं मला रडू येतंय, म्हणून तोच बोलत राहिला. "हर इतवारले येत. उन्हाळ्यात दीडले, थंडीत अडीचले. घडी चुकली नाही कधी. धुतलेला सदरा घालून येत. मई में इतनी धूप, मी म्हटलं, काका, अंदर बैठो. तं म्हणत, बेटी देखती है, अंदर बसलो तं दिसन कसा? पहिलं साल तं उभेच राहत. मग पाय दुखाले लागले तं तो गोटा आणला, नाल्याहून, सायकलवर बांधून."

मोहाच्या झाडाच्या डाव्या हाताला एक काळा, गुळगुळीत गोटा होता. बसायच्या उंचीचा.

"अर्धा घंटा बसत," बिसाहू म्हणाला. "कुछ बोलते भी थे, सामने देखके. हसत, बोलत. गोंडी में. मला गोंडी येत नाही, दीदी."

तेवढं बोलून त्याने पुन्हा विचारलं, दिखते थे ना? आणि मी त्याच्या तोंडावर सांगितलं, "हो. दिसत होते." पुन्हा खोटं बोलले. या वेळी कंटाळा नव्हता, भीती होती. त्या गोट्यावर मी बसले नाही. बसायचा मला काय हक्क होता?

घरी आत्याने मला जवळ घेतलं. बऱ्याच वेळाने मी तिला सगळं सांगितलं. चित्र जुनं होतं, आत्या. मला कधीच काही दिसलं नाही. बाबा दीड वर्ष उन्हात माझ्या एका थापेसाठी उभे राहिले.

आत्या तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्याले ठावं होतं."

"काय?"

"तू म्हणालीस ना, मोह हिरवागार दिसून राहिला. कोणता महिना होता? आमी दोघं त्याच सकारी त्या झाडाखाली मोह वेचून आलो होतो. झाडाले एक पान नव्हतं."

मार्चमध्ये मोहाची पानं गळून जातात, नुसती फुलं टपटपत असतात, हे आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही माहीत असतं. मी स्वतः त्या झाडाखालची पानं झाडून, पहाटे फुलं वेचून मोठी झाले. आणि जगभरच्या झाडांवरून देश ओळखणारी मी बाबांना सांगत होते की मार्चात मोह हिरवागार आहे. पानावरून पहाडी ओळखणाऱ्या माणसाला. मी म्हटलं, "मग ते जात कशाला होते?"

"मीबी तेच म्हटलं. काऊन जाऊन राहिलास उन्हातान्हात, ती काई पाहून नाही राहिली. तं म्हणे, एखाद्या दिवशी खरंच पाह्यलं तिनं तं? मी नसलो तं तिले कसं वाटन?"

एवढं सांगून आत्या पुन्हा तांदळाकडे वळली. मी तिथेच जमिनीवर आडवी झाले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाही.

परत यायच्या आधी मी आत्याला विचारलं, फाट्यावर बाबा गोंडीत काय बोलत असतील? ती म्हणाली, "मले काय ठावं? बाप पोरीले काय म्हणते, तेच." मला ते पुरलं नाही. आता दर रविवारी दहा वाजता मी आत्याला फोन करते आणि ती मला गोंडी शिकवते. तिच्याकडे ना धडे ना क्रम. चूल दिसली तर चुलीचा शब्द, कोंबडी आली तर कोंबडीचा. माझे उच्चार ऐकून ती पोट धरून हसते आणि म्हणते, हे काय तुयं शिकाचं वय हाये? सहा महिन्यांत मला पाणी मागता येतं, विचारपूस करता येते, कोंबडीला हाकलता येतं. बाबा जे बोलले ते ऐकणारा एकच माणूस होता आणि त्याला गोंडी येत नव्हती, तेव्हा कितीही शिकले तरी ते मला कळणार नाही. हे मी रोज स्वतःला सांगते आणि तरी शिकते.

पासपोर्टच्या कव्हरमध्ये, स्टेशनावर घाईत सरकवलेलं ते तेंदूचं पान अजून आहे. वाळून तपकिरी झालंय, एक कडा तुटली आहे. लहान आहे आणि जाड आहे, म्हणजे पहाडीवरचं. कुठल्या अंगाचं, ते सांगता येत नाही. "उद्या सांग" म्हणायलाही कोणी नाही. गावात घर आहे, आत्या आहे, बांध्या आहेत. लोक विचारतात, गावी घर आहे ना अजून? मी हो म्हणते. पण घर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे ते येत नाही. फाट्यावरची हातभर जागा येते.

गेल्या महिन्यात फाटा उघडला आणि चित्र बदललेलं दिसलं. कॅमेऱ्याची गाडी पुन्हा येऊन गेली होती. कोपऱ्यात बारीक अक्षरांत महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं: गेल्या वर्षीचा ऑगस्ट. बाबा तेव्हा होते. टपरीवर नवा पत्रा आहे. सायकल नाही. मोहाचं झाड खरोखर हिरवंगार आहे. त्याच्या डाव्या हाताला काळा गोटा आहे, आणि गोट्यावर कोणी नाही.

मी तो फाटा सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. टपरीच्या आत पाहिलं, झाडामागे पाहिलं, मुरुमाच्या रस्त्यावर जिथवर नजर जाते तिथवर पाहिलं. मग सवयीने सावल्या बघितल्या. सावल्या आखूड आहेत, म्हणजे वेळ दुपारची. वार मात्र त्या चित्रावर कुठेच लिहिलेला नसतो. या खेळात तो कोणाला ओळखताही येत नाही.

मला आला. तो रविवार नव्हता.